बिनलेबलची फळं

टमाट्याचं क्रॉसिंग मला दहाव्या वर्षापासून येतं. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्या मैत्रिणी आता मी तोंड उघडायच्या आत तीच सांगून मोकळ्या होतात. पण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून आणखी एकदा ऐकून घ्या.

आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या बाजूचं. तिथं घरटी एक शेडनेट. हिरव्या जाळीखाली टमाटे, मिरची, काकडी लावायची, पण खायला नाही; बियाणे कंपनीसाठी त्यांचं संकरित बी काढायचं. दुपारनंतर मादीच्या ओळीतली उमलायला आलेली कळी चिमट्यानं उघडायची आणि आतला पिवळा नराचा भाग अलगद काढून टाकायचा, म्हणजे फूल आपलाच पराग घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं दुसऱ्या जातीच्या नराचा पराग लावायचा. आमच्याकडं त्याला सरळ पावडर म्हणतात. पावडर लावली की फुलामागच्या हिरव्या पातींपैकी दोन पाती कापायच्या. पात कापलेली दिसली म्हणजे काम झालं. फळ पिकेपर्यंत ती खूण तशीच राहते आणि तोडणारीला एका नजरेत कळतं, हे घ्यायचं, ते फेकायचं. कागद नाही, पेन नाही, सगळा हिशोब झाडावरच.

माझी माय या कामात अख्ख्या गावात वरचढ. तिच्या हाताखाली शिकले, त्यामुळं माझाही हात चालायचा. जास्तच चालायचा, असं ती म्हणायची. "हात जल्दी अन् डोकं मागं," हे तिचं माझ्याबद्दलचं मत अजून बदललेलं नाही.

बदनापूरला शेतकीची पदवी घेतली, एक-दोन वर्षं इकडंतिकडं नोकरी केली, आणि सरकारच्या शिष्यवृत्तीवर नेदरलँड्सला वनस्पती पैदाशीचं शिकायला गेले. मुदत दोन वर्षांची. दोन वर्षं म्हणजे दोनच. त्यावर एक दिवस नाही, हे कागदावर ठळक अक्षरात होतं. जाताना बॅग रेशन दुकानाच्या काट्यावर मोजली. तीन वेळा शेंगदाण्याची चटणी काढली, तीन वेळा मायनं परत टाकली.

तिथलं खरं दुखणं थंडी नव्हतं. थंडीला कोट मिळतो. दुखणं होतं ते बोलण्याचं. इंग्रजी मला येत होतं; येत नव्हतं ते आपणहून मधे बोलणं. आमच्याकडं सर सांगतात, आपण लिहून घेतो, परीक्षेत तेच परत देतो, सर खूश, आपण खूश. तिथं आमच्या मॅडम अर्ध्यात थांबायच्या आणि विचारायच्या, तुला काय वाटतं? मला काय वाटतं हे त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं, अपवाद फक्त लग्नाच्या स्थळांचा, आणि तिथंही उत्तरासाठी कुणी थांबलं नव्हतं. पहिले चार महिने मी वर्गात मौनव्रत पाळलं. मॅडमना सगळे नावानं हाक मारायचे. माझ्या तोंडातून काही ते निघेना. मी दोन वर्षं मॅडमच म्हटलं, आणि शेवटी शेवटी त्यासुद्धा स्वतःला मॅडम म्हणायला लागल्या.

पण एक गोष्ट मला तिथंच पहिल्यांदा दिसली. एका पोरानं काहीतरी विचारलं आणि मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही." फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी तो प्रश्न लिहून ठेवला आणि पुढच्या आठवड्यात उत्तर घेऊन आल्या. मी थक्क. आमच्या शाळेत असा प्रश्न विचारणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं. त्या दिवशी खोलीवर आले आणि उगाचच रडले. कशानं रडले ते नीट सांगता येणार नाही. एवढी मोठी बाई इतक्या सहज माहीत नाही म्हणते, आणि तिचं काही बिघडत नाही, याचं असावं.

रविवार मात्र खायला उठायचा. चार वाजता अंधार. खिडकीतून दिसायचा तो एक सायकलचा रस्ता आणि त्यावर एकही माणूस ओळखीचा नाही. माय फोनवर विचारायची, "जेवलीस का?" मी म्हणायची, "जेवले." ती म्हणायची, "समदं बरं हाय ना?" मी म्हणायची, "एकदम." पावाला चटणी लावून खाल्लेलं असायचं. तिचं दुखणारं कंबरडं ती मला सांगायची नाही आणि माझा पाव मी तिला सांगायची नाही, असा आमचा दोघींचा कारभार होता.

मग प्रबंधाचं काम सुरू झालं आणि मी विद्यापीठाच्या काचेच्या हरितगृहात शिरले. तिथं माझे दिवस पालटले. बाकीची पोरं एका फुलाशी पाच-पाच मिनिटं झटायची; माझा चिमटा झाडावरून नुसता फिरायचा. मॅडम दुसऱ्या वर्गाची पोरं घेऊन माझे हात बघायला आल्या. कुणी त्याची चित्रफीत काढली. अंगावर मूठभर मांस चढलं. वर्गात मुकी बसणारी मी, आता लोक मला विचारायला येऊ लागले. काम असं होतं: मादीची एक जात, नराच्या तीन जाती, कोणत्या नराची पिलावळ ऊन जास्त सोसते ते बघायचं.

तिथला नियम एकच होता. ज्या फुलाचं क्रॉसिंग केलं त्याला लगेच दोऱ्यानं कागदी लेबल बांधायचं. त्यावर तारीख, नराचा नंबर आणि करणाऱ्याची सही. मला ते फार रेंगाळल्यासारखं वाटायचं. फूल एका मिनिटात होतं आणि लेबलाला दोन मिनिटं! मी म्हटलं, आपली पद्धत काय वाईट आहे? पहिल्या नराला एक पात कापायची, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. सगळं झाडावर लिहिलेलंच आहे. लेबलं शुक्रवारी निवांत बसून एकदम बांधू.

हरितगृहाची देखभाल एक म्हातारा करायचा. उंच, निळा डगला, बोलायला कमी. निवृत्तीला एखादं वर्ष राहिलेलं. तो एकदा माझ्या ओळीशी थांबला आणि बोट दाखवून म्हणाला, "लेबल?" मी म्हटलं, शुक्रवारी. दोन दिवसांनी परत तेच. "लेबल?" मी हसून म्हटलं, शुक्रवारी, शुक्रवारी. त्यानं खांदे उडवले आणि पुढं गेला.

त्या शुक्रवारी मला ताप भरला. पाच दिवस अंथरुणात. सहाव्या दिवशी हरितगृहात गेले तर माझ्या ओळीतली झाडं साफ. वाटाण्याएवढी झालेली दीड-दोनशे फळं, एक शिल्लक नाही. संशोधनाच्या झाडावर बिनलेबलचं फळ ठेवायचं नाही, म्हणजे बियाण्यात भेसळ होत नाही, हा म्हाताऱ्याचा सोमवारचा नियम. त्यानं नियम पाळला होता. ती सगळी फळं खताच्या ढिगात गेली होती आणि ढीग त्याच सकाळी गाडीनं नेला होता.

मी तिथंच बोंब ठोकली. पहिल्यांदाच माझं इंग्रजी न अडखळता बाहेर पडलं. माझं काम फेकलं, माझं वर्ष फेकलं, कुणाला विचारून फेकलं? म्हातारा उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी गोष्ट स्वच्छ मांडली. पुन्हा फुलं, पुन्हा फळं, पुन्हा बी, म्हणजे चार महिने जास्तीचे. चूक हरितगृहाची असेल तर विभाग मला चार महिने वाढवून देईल आणि राहण्या-खाण्याचा खर्चही उचलेल. मात्र म्हाताऱ्याला संशोधनाच्या हरितगृहातून काढून दुसरीकडं टाकतील, कारण विद्यार्थ्याला न विचारता काम नष्ट करणं हा तिथं मोठा गुन्हा. आणि चूक माझी असेल तर मुदत आहे तेवढीच. त्यात जमेल ते करायचं, नाहीतर पदवीशिवाय घरी.

म्हातारा म्हणाला, "मी तिला विचारलं होतं. दोनदा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "विचारलं होतं?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

मराठीत खोटं बोलताना माझी जीभ जड होते. इंग्रजीत नाही झाली. त्या भाषेत कुणी मला लहानपणी मारलेलं नव्हतं, कुणी शपथ घातलेली नव्हती. वाक्य सरळ निघून गेलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो आपल्या हातांकडं बघत बसला. मॅडम म्हणाल्या, सोमवारी ठरवू.

रविवारी मायला फोन केला. त्या दिवशी पहिल्यांदा मी 'एकदम' म्हणाले नाही. सगळं सांगितलं. फळं, ताप, ढीग, चार महिने. मला हवं होतं की तिनं म्हाताऱ्याला दोन शिव्या द्याव्यात आणि मला पोरी, पोरी म्हणावं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाती कापल्त्या, पन कागद बांधला न्हाई तू."

"हो, पण शुक्रवारी..."

"अन् त्यानं इचारल्तं."

"हो."

"मंग त्या मान्साचं काय?"

 अर्धा तास बोलत होते आणि म्हाताऱ्याचं काय होईल, यावर एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

"तू आता किती येळ बोलून राह्यली, बाई," ती म्हणाली, "त्याचं नाव न्हाई आलं. त्याला बी घर आसंल." आणि तिनं फोन ठेवला. मला आधी तिचाच राग आला. परक्या मुलखात पोरगी रडते आणि ही परक्या म्हाताऱ्याची चौकशी करते! रात्रभर तो राग मी नीट जपून ठेवला होता, पण सकाळी उठले तर तो राहिलाच नव्हता.

सोमवारी मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं होतं. मी शुक्रवारी म्हणाले होते. मला नीट आठवत होतं.

मॅडम रागावल्या. आवाज न चढवता रागावल्या, त्यामुळं ते जास्त लागलं. मग म्हणाल्या, "आता हे प्रबंधात लिही."

"काय लिहू?"

"हेच. लेबलं लावली नाहीत म्हणून पहिली सगळी फळं गेली. कामाच्या पद्धतीचं प्रकरण आहे ना, त्यात. तुझ्यानंतर येणाऱ्याला उपयोग होईल."

मी हबकले. आमच्याकडं चूक झाली तर माणूस जास्तीत जास्त कबूल करतो. छापून कोण देतं? ते पुस्तक ग्रंथालयात कायमचं राहणार, त्यावर माझं नाव. पण लिहिलं. सहा ओळी होत्या. त्या सहा ओळींना मला दहा दिवस लागले.

म्हातारा त्याच्या जागी राहिला. त्यानं आभार मानले नाहीत, मीही माफी नीट मागू शकले नाही. एवढंच झालं की पुढच्या खेपेला मी क्रॉसिंगला बसले तेव्हा तो माझ्या मागच्या ओळीत आला आणि मी केलेल्या फुलांना लेबलं बांधत गेला. त्याचं काम नव्हतं ते. आम्ही आठ दिवस असे काम करत होतो, एकमेकांशी न बोलता.

मुदतीत तीन नर बसणार नव्हते, एकावरच भागवलं. पदवी मिळाली, गुण बेताचे. पीएचडीच्या जागेसाठी माझं नाव पुढं होतं, ती दुसऱ्या मुलीला गेली. मॅडमनी मला आडवळण न घेता तसं सांगितलं. वाईट वाटलं. अजूनही वाटतं. जे लोक म्हणतात की खरं बोललं की सगळं चांगलंच होतं, त्यांचा कुठला प्रबंध अडकलेला नसतो.

परत आले आणि जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. पाहुणे विचारतात, "येवढं इमानात बसून गेल्ती, अन् शेवटी टमाटेच?" मी म्हणते, टमाटेच. आता मात्र एखादी बाई शेतावर मला सांगते, हे असं होतं, तर मी का म्हणून विचारते, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल तर लिहून घेते. दोन वर्षांत मी आणलेली पुंजी म्हणाल तर ही.

परत येऊन वर्ष झालं असेल. गावी गेले होते. प्रबंधाची जाड प्रत कपाटात मायनं साड्यांमध्ये ठेवली होती. ती काढून म्हणाली, "काय लिवलंस येवढं? वाच की." मी कुठून वाचणार? आकडे आणि तक्ते. म्हणून त्या सहा ओळी काढल्या आणि मराठीत सांगितल्या. तिनं परत सांगायला लावल्या.

"आसं छापून देतेत तिकडं? आपली चूक?"

"हो."

"अन् तरी पास करतेत?"

"केलं की मला."

तिनं प्रत पुन्हा साड्यांमध्ये ठेवली. सकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू बारावीला व्हती तवा आपला लॉट फेल गेल्ता."

ते मला आठवत होतं. कंपनी प्रत्येक लॉटचं थोडं बी पेरून बघते. झाडं भेसळीची निघाली की सगळं बी नापास. त्या साली आमचं नापास झालं होतं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या एका बाईनं फसवलं, पावडर न लावताच पाती कापल्या, असं घरात बोललं गेलं. तिच्या शेजारच्या ओळीत बसून मी चिमटा धरायला शिकले होते. नंतर ती दिसली नाही. क्रॉसिंगवाल्या बाईचा हात खोटा आहे असा एकदा बोभाटा झाला की तिला कुणी शेडनेटात घेत नाही.

"ती झाडांची वळ माझी व्हती," माय म्हणाली. "आपन मामाच्या लग्नाला गेल्तो दोन दिस. येऊन पाहते तं फुलं उमलून गेल्ती. वाया कशाला घालाची, म्हनलं. कापत गेले पाती. कंपनीचा मानूस आला, इचारलं ही वळ कोनाची. म्या म्हनलं, तिची."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच उलटली नाही. मला तिचा राग आला पाहिजे होता. आला नाही. फक्त त्या रविवारी तिनं मला तो प्रश्न का विचारला होता ते कळलं.

"कुठं असते ती आता?" मी विचारलं.

"मंठ्याला. भावाकडं गेल्ती तवाच. बाजारात भाजी इकती म्हनतेत."

बाजाराचा दिवस बघून आम्ही निघालो. जालन्याला गाडी बदलली. माय वाटभर ओठ हलवत होती. काय बोलायचं ते पाठ करत असावी. मंठ्याच्या बाजारात, पालेभाजीच्या रांगेत ती बाई पोत्यावर बसलेली सापडली. केस पांढरे झालेले. मायला बघून तिचे हात मेथीच्या जुडीवर थांबले.

"वहिनी? इकडं कुठं?"

पाठ केलेलं माय सगळं विसरली. उन्हात उभी राहून एवढंच म्हणाली, "ती वळ माझी व्हती. तुहं नाव म्या घेतलं." मग माझ्याकडं बोट करून, "हिनं तिकडं शिकताना चूक केली अन् छापून देली. ते आयकलं, मंग मला ऱ्हावलं न्हाई."

बाईनं एका गिऱ्हाइकाला शेपूची जुडी दिली. दुसऱ्याला कोथिंबीर. मग म्हणाली, "मला ठाव व्हतं, वहिनी. माही वळ मला कळत न्हाई व्हय?" जुड्या नीट लावत म्हणाली, "अकरा दारं पाह्यली म्या त्या साली. येका बी दारात उभं केलं न्हाई."

माय रडायला लागली. तिला बाजारात रडताना मी कधी बघितलं नव्हतं. बाईनं तिला रडू दिलं, समजूत काढली नाही. मग माझ्याकडं वळली.

"तू तीच ना, चिमटा उलटा धराची?"

"हो, मावशी."

"चूक सांगाला तुला किती वर्सं लागली?"

"मला... एक आठवडा."

"तुह्या मायला नऊ वर्सं लागली," ती म्हणाली, आणि पोत्यावरचा पाला हातानं बाजूला सारून मायला बसायला जागा केली.